मासे असलेल्या फिशटँकची वाळू कशी बदलावी

तळाची जुनी रंगीत खडी काढून बारीक वाळू घालणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. धोका पुढच्या दोन आठवड्यांत असतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर चिकटून राहतात. खडीबरोबर त्यांतले बरेच निघून जातात. उरलेले फिल्टरमध्ये असतात, म्हणून आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा महिनाभर फिल्टर धुऊ नका. खडीखाली प्लेटचा फिल्टर, म्हणजे खडीतूनच पाणी ओढणारी जाळीदार प्लेट, असेल तर खडी हाच तुमचा फिल्टर आहे. अशा टाकीत महिना-दीड महिना आधीपासून स्पंज फिल्टर चालू ठेवा, मगच खडीला हात लावा.

वाळू निवडताना घाई नको. गोव्यात समुद्रकिनारा जवळ, म्हणून पिशवी भरून आणण्याचा मोह होतो. त्या वाळूत मीठ असतेच, शिवाय शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ धुऊन जाते, चुरा जात नाही. तो हळूहळू विरघळून पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी याचे माप) आणि कठीणपणा वाढवतो. आपल्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असते, आणि अशा पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पीएच वाढला की तोच विषारी होतो, तोही नेमका जिवाणू कमी झालेले असताना. मांडवी-जुवारीच्या मुखाकडची रेतीही खारट असते. तरणतलावाच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू मला सर्वांत भरवशाची वाटते. कोणतीही वाळू आणली तरी मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर ती वापरू नका.

दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत पाच सेंटिमीटर थरासाठी सुमारे १४ किलो वाळू लागते. थोडी थोडी बादलीत घेऊन, पाणी निवळ दिसेपर्यंत धुवा. साबण अजिबात नको.

आदल्या दिवशी माशांना खायला घालू नका. वीज जाण्याची शक्यता असलेला पावसाळी दिवसही टाळा. सुरुवातीला हीटर असल्यास बंद करून थंड होऊ द्या. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला तर फुटतो. टाकीतले निम्मे पाणी स्वच्छ टबमध्ये काढून त्यात मासे सोडा, एअर पंप लावा आणि वर जाळी किंवा कापड टाका, कारण मासे उडी मारतात. आपल्या उकाड्यात पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप हवाच. फिल्टरही त्याच टबमध्ये चालू ठेवा.

मासे बाहेर काढल्याशिवाय खडी ढवळू नका. खोल थरात काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास असेल, तर तो हायड्रोजन सल्फाइड आहे; तो माशांना घातक असतो. उरलेले पाणी गाळासकट उपसून टाका, प्लास्टिकच्या सुपलीने खडी काढा. त्यातली दोन-तीन मुठी खडी टाकीच्या पाण्यात खळबळून पातळ पायमोज्यात बांधून ठेवा, म्हणजे तिच्यावरचे जिवाणू टिकतील.

नवी वाळू पसरा, वर बशी ठेवा आणि बशीवर टबातले पाणी हळू ओता. मासे बुडतील इतके पाणी टबात राहू द्या. उरलेली भर ताज्या पाण्याची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि पावसाळ्यात विहिरींतही ब्लीचिंग पावडर टाकतात. सोडियम थायोसल्फेटचे क्लोरीन काढणारे औषध दुकानात मिळते, ते मापात घाला. फिल्टर बसवा, खडीचा मोजा त्याच्या प्रवाहात टांगा. मग टबात दर दहा मिनिटांनी पेलाभर नवे पाणी घाला आणि तासाभराने मासे जाळीने टाकीत सोडा. गढूळपणा एक-दोन दिवसांत बसतो.

पुढचे दोन आठवडे अन्न निम्मे करा आणि अमोनिया-नायट्राइटचे टेस्ट किट रोज वापरा. शून्याच्या वर काहीही दिसले, तर त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदला. या काळात नवा मासा आणू नका. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य आले की खडीचा मोजा काढून टाका.