ट्राइबचा उदय आणि फूट : अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ हा हिप-हॉप गट कसा नावारूपाला आला आणि कसा फुटला, हे समजून घ्यायचे असेल, तर लोकप्रिय गाण्यांच्या याद्या बाजूला ठेवून त्यांचे अल्बम प्रकाशनाच्या क्रमानेच ऐकावेत. १९९० च्या पहिल्या अल्बममध्ये गटातील रॅपर फाइफ डॉग मोजक्याच गाण्यांत भेटतो, म्हणून तेथे फार रेंगाळू नये. खरा मुक्काम १९९१ च्या ‘द लो एंड थिअरी’वर करावा. त्यातील ‘बगिन आउट’ हेडफोन लावून ऐकावे, कारण बासच्या (खर्जातील सुरांच्या तंतुवाद्याच्या) सुरावटीमागोमाग पहिला आवाज फाइफचा येतो आणि गटाचा मुख्य रॅपर क्यू-टिप याच्याशी त्याची बरोबरी तेथेच ठरून जाते. एका गाण्यात तर जॅझमधील नामवंत रॉन कार्टर यांनी स्वतः बास वाजवला आहे. १९९३ च्या ‘मिडनाइट मरॉडर्स’नंतर १९९६ चा अल्बम लावावा; तेथे कॉन्सिक्वेन्स हा नवा रॅपर वारंवार मध्ये येतो आणि अटलांटाला राहायला गेलेला फाइफ काहीसा परका वाटू लागतो. १९९८ मध्ये गट फुटला, पण त्याचे खापर एकट्या क्यू-टिपवर फोडू नये. फाइफच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेला अल्बम मात्र सर्वांत शेवटी ऐकावा.