रोमन कांस्य नाणी: आधी देवाच्या हातात काय आहे ते बघा

रोमन नाण्यांचा नाद लागला की बहुतेक जण चांदीच्या देनारियसकडे धावतात. माझं मत विचाराल तर सुरुवात कांस्य नाण्यांनीच करावी. ती इतकी झिजलेली असतात की नीट बघायची सवय आपोआप लागते.

प्रजासत्ताकाच्या काळातली नाणी सर्वांत सोपी, कारण तिथे किमतीनुसार देव ठरलेला. आस, म्हणजे मूळ कांस्य नाणं, त्यावर दोन तोंडांचा जेनस. अर्ध्या आसवर सॅटर्न आणि ‘एस’ अक्षर. त्याहून लहान नाण्यांवर ठिपके मोजायचे: ४ असतील तर मिनर्व्हा, ३ असतील तर सिंहाचं कातडं पांघरलेला हर्क्युलिस, २ असतील तर पंखांच्या टोपीचा मर्क्युरी. मागे बहुतेक सगळ्यांवर जहाजाचं पुढचं टोक. नाणं उडवताना रोमन पोरं ‘डोकी की जहाज’ असंच ओरडायची.

साम्राज्याच्या काळात पुढच्या बाजूला सम्राट येऊन बसतो आणि देवता मागे जातात. इथे चेहरा बघण्यात वेळ घालवू नका, तो सर्वांत आधी झिजतो. हात बघा. सुकाणू धरलंय? फॉर्च्युना. सापाला खाऊ घालतेय? सालुस, आरोग्याची देवता. एका हातात फूल आणि दुसऱ्याने वस्त्राचा घोळ उचललेला असेल तर ती स्पेस, म्हणजे आशा. तराजू दिसला तर मात्र थांबा: एक्विटास आणि मोनेटा दोघींच्याही हातात तो असतो, तिथे नाण्यावरची अक्षरं वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

नीरोचा (इ.स. ५४–६८) एक सेस्टर्शियस (मोठ्या आकाराचं नाणं) जमेल तेव्हा तासभर बघाच. कणसं आणि मशाल घेऊन बसलेली धान्यदेवी सेरेस, समोर उभी धान्यपुरवठ्याची देवता अ‍ॅनोना, मध्ये वेदीवर धान्याचं माप आणि मागे जहाज. रोमचं पोट इजिप्त आणि आफ्रिकेहून येणाऱ्या धान्यावर चालायचं, ती सगळी व्यवस्था त्या एवढ्याशा चकतीत मावली आहे.

कॉन्स्टंटाइनच्या बाबतीत एक सावधगिरी. इ.स. ३१२ नंतर तो ख्रिस्ती धर्माकडे झुकला, तरी त्याच्या कांस्य नाण्यांवर सूर्यदेव सोल पुढे काही वर्षं दिसतोच. त्यामुळे नुसत्या देवावरून सम्राटाची श्रद्धा ठरवू नका.

आणि कृपा करून देवघरातल्या तांब्यासारखं नाण्याला चिंच-मीठ लावू नका. हिरवट-काळा थर गेला की बारकावेही जातात, किंमतही. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो गंज आहे. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करून कोरड्या डबीत ठेवा.

ओळख पटवायला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचे ऑनलाइन कोश फुकट आहेत: साम्राज्यासाठी ओसीआरई, प्रजासत्ताकासाठी सीआरआरओ. आधी आपलं वर्णन वहीत लिहा, मगच तिथे शोधा.