जळगाव-धुळ्यात स्वस्त घर: आधी उतारा बघा

स्वतःचा प्लॉट असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत, तर महापालिकेत पंतप्रधान आवास योजना (शहरी) 2.0 चा अर्ज भरा. अनुदान अडीच लाख, तेही बांधकाम पुढे सरकेल तसं हप्त्याने. म्हणून पायाचे पैसे गाठीशी ठेवा. देशात कुठंही कुटुंबातल्या कुणाच्या नावे पक्कं घर नको.

अर्ज अडतो तो बहुधा उताऱ्यावर, म्हणजे जागा कुणाच्या नावे आहे ते दाखवणाऱ्या सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर. प्लॉट अजून आजोबांच्या नावे असतो. आधी वारसनोंद करा. नंतर जमीन बिनशेती, म्हणजे घर बांधण्याजोगी, आहे का ते तपासा. नोटरीवर घेतलेल्या स्वस्त गुंठ्याला बांधकाम परवानगी मिळवताना नाकीनऊ येतात.

प्लॉट नसेल तर म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतीवर लक्ष ठेवा. बिल्डरकडे बुकिंगआधी प्रकल्पाचा महारेरा (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागा.