काळ्या रानातली माती किती वाहिली? सळयांचं माप उलटं येत होतं

पारोळ्याकडचं आमचं उताराचं काळं रान. वाहून गेलेली माती मोजायला सळया ठोकल्या, तर दिवाळीला माती उलट वर आलेली! दोन वर्षं डोकं फिरलं. सळया बदलल्या, खोल ठोकल्या, फरक शून्य. काळी माती ओलाव्याने फुगते, हे ध्यानातच आलं नव्हतं.

मग मे महिन्यात, रान कोरडंठाक असताना, भेगा टाळून २० सळया ठोकल्या आणि उघडी लांबी लिहून ठेवली. भोवती हातभर कोळपं नेलं नाही. पुढच्या मेमध्ये, नांगरटीआधी, पुन्हा मोजलं: उघडी लांबी सरासरी ४ मिमी वाढलेली, म्हणजे तेवढा थर वाहून गेला. एकरावर १ मिमी थर म्हणजे ४.०५ घनमीटर. मापाच्या पाईपच्या तुकड्यात माती काढून १०५ अंशांवर २४ तास वाळवली, वजन केलं, घनता घनमीटरला १.३ टन निघाली. ४ × ४.०५ × १.३, एकरी २१ टन. चार-पाच ट्रॅक्टर ट्रॉल्या सहज!