स्पीकरच्या वायरी लादीवरून उचला: पाइपचे तुकडे आणि उरलेली टाइल पुरे

परदेशी बनावटीचे सिरॅमिकचे नाहीतर लाकडी 'केबल स्टँड' काही हजारांना विकले जातात. वायर जमिनीपासून वर गेली की आवाज खुलतो, असा त्यांचा दावा. चार किंवा आठ ओहमच्या स्पीकरला जोडलेल्या तांब्याच्या वायरीवर लादीचा कानाला जाणवेल इतका परिणाम होत नाही. तरीही मुंबईतल्या घरात वायरी उचलाव्यातच, कारण रोज लादी पुसली जाते. ओलं फडकं वायरीला अडकतं, वायर ओढली जाते आणि अँप्लिफायरमागचा तांब्याचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकतो. नशीब चांगलं असेल तर अँप्लिफायर स्वतःहून बंद होतो, नसेल तर त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात.

सामान हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं: ४० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप मीटरभर, सिलिकॉन सीलंटची एक ट्यूब, १२० नंबरचा पॉलिश पेपर, हॅक्सॉ. टाइल विकत घेऊ नका. सोसायटीत कुणाकडे तरी बाथरूमचं काम चालूच असतं. त्या मिस्त्रीकडून १० बाय १० सेंटिमीटरचे तुकडे कापून घ्या आणि कडा घासून घ्या. प्लायवूड किंवा एमडीएफ नको, पोछ्याच्या पाण्याने ते फुगतं.

दर ६० सेंटिमीटरला एक आधार धरा. ४ मीटरच्या वायरीला ६ लागतात, २ मीटरच्या वायरीला ३. अंतर याहून वाढवलं तर वायर मधे झोळ खाऊन पुन्हा लादीला टेकते.

पाइपचे ७५ मिमीचे तुकडे पाडा. काप तिरका गेला तर आधार कायम कलतो. म्हणून कागदाची सरळ पट्टी पाइपभोवती गुंडाळायची, तिची दोन्ही टोकं एकमेकांवर नीट बसली की कडेने पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेवर पाइप थोडाथोडा फिरवत कापायचा. आता वरच्या कडेपासून २० मिमी खाली, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना १० मिमीचं भोक पाडा. कडेपासून भोकापर्यंत हॅक्सॉने दोन उभे काप दिले की इंग्रजी यू अक्षरासारखी खाच तयार होते. भोक आधी पाडायचं, काप नंतर. उलट केलंत तर ड्रिलचा झटका बसून पाइपची कड तुटते. खाचेची धार पॉलिश पेपरने पूर्ण मारा, नाहीतर तीच वायरीचं आवरण कापेल.

नुसता पाइप उभा केला तर झाडूच्या धक्क्याने पडतो. वजन टाइलचं. टाइलची खरखरीत बाजू वर ठेवा, पाइपची खालची कड पॉलिश पेपरने घासा आणि आतून-बाहेरून सिलिकॉनची गोल रेघ द्या. पाइप जोडायचं सॉल्व्हेंट सिमेंट इथे चालत नाही. ते पीव्हीसी विरघळवून जोडतं, टाइलला धरत नाही. मात्र पाइप चिकटवण्याच्या आदल्या दिवशी टाइलच्या गुळगुळीत बाजूला चार कोपऱ्यांत सिलिकॉनचे मटारएवढे थेंब द्या, म्हणजे आधार सरकणार नाही. ते वाळेपर्यंत तुकडा उलटा ठेवा, आणि पाइपचं काम दुसऱ्या दिवशी करा. प्रत्येक वेळी २४ तास हात लावू नका. (सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतं, त्यामुळे जुलैतही अडचण नाही.)

वायर चढवण्याआधी अँप्लिफायर बंद करून प्लग काढा. टोकांचं तांबं काळं किंवा हिरवं पडलं असेल तर ते कापून टाका, नवीन १० मिमी सोला आणि धागे घट्ट पिळून मगच टर्मिनलमध्ये घाला. पावसाळी दमटपणाचं हे काम आहे. वायर उचलल्याने ते थांबत नाही. आधारांवर वायर सैल बसू द्या, आणि अँप्लिफायर व स्पीकर या दोन्हींच्या मागे फूटभर वायर मोकळी ठेवा. ताणलेली वायर एक आधार हलला की सगळे पाडते.

घूं असा आवाज येत असेल तर स्पीकरची वायर सोडून आरसीए वायरींकडे, म्हणजे प्लेअरकडून अँप्लिफायरकडे सिग्नल आणणाऱ्या वायरींकडे बघा. त्या विजेच्या वायरीला समांतर जात असतील तर ५० हर्ट्झची घरघर त्यांच्यात शिरू शकते. दोन्हींत किमान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

दाराच्या वाटेत मात्र आधार लावू नका, पाय अडकून माणूस पडेल. तिथे वायर भिंतीलगत केसिंग पट्टीतून, चौकटीवरून न्या.

आणि एक्स्टेन्शन बोर्ड? स्पीकरच्या वायरी उचलून २३० व्होल्टचा बोर्ड ओल्या लादीवर ठेवणारी घरं कमी नाहीत. तो आधी भिंतीला, लादीपासून फूटभर वर स्क्रूने बसवा. तळमजल्यावर राहत असाल तर तीन फूट.