आईच्या पलंगाची कुरकुर

दिवाळीनंतर आईचा सागवानी पलंग फारच कुरकुरायला लागला. कूस बदलली की करकर, आणि तिची झोप मोडायची. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड थंडीत आकसतं, बोल्ट सैल पडतात. म्हणून आधी पान्ह्याने सगळे आवळले. आवाज कायम.

मग गादी काढून एकेक फळी हाताने दाबत गेलो. डोक्याकडची तिसरी फळी खालच्या पट्टीवर घासत होती. तिथलं लाकूड घासून चकाकत होतं. सगळ्याच फळ्या उचलल्या, टेकायच्या जागी मेणबत्ती खसाखस घासली आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बारीक चुकांनी ठोकले. तेल मात्र घालू नका, लाकूड ते पितं आणि वर धूळ बसते. एका बोल्टचं भोक मोठं झालं होतं, तिथे रुंद वॉशर टाकला.

आई आता सलग झोपते.