घरसभेत ‘देवाची प्रीती सर्वांसाठी’ हा विषय कसा घ्यावा

घरसभेत, म्हणजे कुणाच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, हा विषय निघाला की बहुतेक जण योहान ३:१६ पासून सुरुवात करतात, ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली, की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला’. वचन सगळ्यांना पाठ असतं, एका सुरात म्हटलं जातं, ‘आमेन’ होतं आणि विषय तिथेच संपतो. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की हे वचन शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. सुरुवात योनापासून करा, आणि तीही माशापासून नको, चौथ्या अध्यायापासून.

मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवलं आणि नोकरीत असल्यापासून आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांची घरसभा घेते. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन हे ख्रिस्ती मिशनऱ्यांचं मंडळ नगरला आलं. पुढे खेड्यापाड्यांतल्या ज्या लोकांनी त्यांची सुवार्ता ऐकली, त्यांत माझ्या पणजोबांसारखे पुष्कळ जण होते, ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. देवाची प्रीती आम्हाला वेशीबाहेर येऊन भेटली. आपणच आता कुणाला तरी वेशीबाहेर ठेवायचं, हे मला सहन होत नाही. हा विषय घेताना माझा सगळा रोख तिकडे असतो, आणि तुमचाही असावा.

आठवड्याला एक असे चार दिवस धरा. एका दिवशी एकच उतारा. प्रार्थना, गीतं आणि विनंत्या धरून सभा तासाभराच्या वर नेऊ नका, कारण बायकांना घरी जाऊन भाकरी टाकायच्या असतात.

योनाचं पुस्तक चार अध्यायांचं, सगळी मिळून ४८ वचनं. पहिले तीन अध्याय गोष्टीसारखे तोंडी सांगून टाका: देव योनाला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो, तो जहाजाने उलट पळतो, मासा त्याला गिळून पुन्हा काठावर टाकतो, मग तो निनवेला जातो आणि शहर पश्चात्ताप करतं. माशाचा भाग सगळ्यांना आवडतो आणि वेळ तिथेच जातो, तेव्हा तो दोन मिनिटांत आवरा. चौथा अध्याय मात्र दोघींना वाचायला द्या. एकीने देवाचं बोलणं वाचायचं, दुसरीने योनाचं. योनाचा राग आवाजात आला पाहिजे. तो म्हणतो, तू कृपाळू आहेस, रागाला मंद आहेस, हे मला माझ्या देशात असतानाच ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो. देवाच्या दयेवरच त्याचा राग आहे.

तो राग खरा वाटायला निनवे काय होतं ते सांगावं लागतं. आजच्या इराकमधल्या मोसुल शहरासमोर, टायग्रिस नदीच्या काठी त्या शहराचे अवशेष आहेत. अश्शूरी साम्राज्याचं ते मोठं शहर. याच अश्शूरी लोकांनी ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन ही राजधानी घेतली आणि इस्राएलाचं उत्तरेकडचं राज्य संपवून माणसं परमुलखात नेऊन टाकली. पुस्तक ऐकणाऱ्यांच्या मनात निनवे म्हणजे हे होतं. असल्या शहराने पश्चात्ताप केला आणि देवाने ते वाचवलं.

मग विचारा, ‘आपली निनवे कोणती?’ आधी लांबची उत्तरं येतील. कुणी अतिरेकी म्हणेल, कुणी पुढारी म्हणेल. ती ऐकून घ्या आणि हळूहळू जवळ या. आमच्याकडे भाऊबंदकीतली निम्मी भांडणं बांधावरची असतात. एका सभेत एक मावशी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, ‘म्हणजे आमच्या धाकट्या दिरावर पण देवाची माया आहे म्हणायची.’ त्या दिराने बांध कोरून यांच्या रानात सरकवला होता आणि प्रकरण कोर्टात होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. अशा वेळी लगेच गीत सुरू करू नका, आणि ‘हो ना मावशी, क्षमाच करायची असते’ असंही म्हणू नका. रान गेलंय त्यांचं. त्यांच्या तोंडून जे निघालं ते फार मोठं होतं, त्यावर दुसऱ्या कुणी काही चढवायची गरज नसते. देव त्या दिरावर प्रीती करतो याचा अर्थ सरकलेला बांध बरोबर आहे असा होत नाही, एवढं मात्र नंतर, त्या एकट्या असताना त्यांना जरूर सांगा. निनवेलाही आपले वाईट मार्ग सोडावे लागले होते.

पुस्तकाच्या शेवटी देव विचारतो, एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या या शहराची मी पर्वा करू नये का? योनाचं उत्तर पुस्तकात नाही. तुम्हीही देऊ नका. त्या दिवसाची सभा तिथेच थांबवा.

दुसऱ्या दिवशी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०. सगळा विषय एकाच दिवसात उरकायची वेळ आली तर हाच उतारा घ्या.

सुरुवातीलाच सांगा की येशूचा शिष्य पेत्र यापोत होता, आणि योना पळून जायला जहाजात बसला तेही यापोतच. परक्यांकडे, म्हणजे यहूदी नसलेल्यांकडे, जायचं टाळायला एक जण त्या बंदरात गेला होता. दुसरा त्याच गावातून परक्याच्या घरी निघणार आहे. पेत्र उतरला होता कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे, समुद्राकाठच्या घरात. हे वाक्य वाचताना कुणीच थांबत नाही. तुम्ही थांबा. आमच्या सभेतल्या म्हाताऱ्या बायकांनी कातड्याची कुंडं पाहिलेली आहेत. चुन्याच्या पाण्यात भिजत घातलेलं कातडं, मग केस खरवडून काढायचे, मग बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीच्या पाण्यात दिवसच्या दिवस मुरवायचं. वास अंगाला, कपड्यांना, घराला. त्यांना बोलू द्या, उतारा समजावून सांगायचं निम्मं काम त्याच करतात. मिश्ना हा यहूदी नियमांचा जुना संग्रह आहे. त्यातही कातड्याची कुंडं गावापासून पन्नास हात लांब ठेवायचा नियम सापडतो. आमच्या बायकांना हे नवीन वाटत नाही.

म्हणजे गच्चीवर प्रार्थनेला गेलेल्या पेत्राला दृष्टान्तात तऱ्हतऱ्हेचे प्राणी भरलेली चादर आकाशातून उतरताना दिसली आणि ‘मारून खा’ असं ऐकू आलं, तेव्हा तो आधीच अशा घरात जेवत-झोपत होता. तरीही ‘अशुद्ध काही मी कधी खाल्लं नाही’ असं तो म्हणाला, आणि देवाला तीन वेळा सांगावं लागलं. इथे विचारा, की आपण कुठपर्यंत आलो आहोत आणि पुढचं कुठलं पाऊल उचलत नाही आहोत.

त्यानंतर कर्नेल्य. रोमी सैन्याचा शताधिपती, कैसरियात राहणारा. यापोपासून कैसरिया साधारण पन्नास किलोमीटर. त्याची माणसं बोलवायला दाराशी आली तेव्हा पेत्राने त्यांना आत घेतलं, रात्री ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघाला. तिथे पोचल्यावर तो म्हणाला, देव पक्षपाती नाही. दोन गोष्टी बायबलमध्ये बोट ठेवून दाखवा. एक, पेत्राचं बोलणं चालू असतानाच पवित्र आत्मा त्या लोकांवर उतरला, बाप्तिस्मा त्यानंतर झाला. म्हणजे पेत्राने दार उघडायच्या आधीच देव आत होता. दुसरी गोष्ट ११:३ मध्ये आहे. यरुशलेमेतल्या विश्वासी भावांची तक्रार काय होती? तू त्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास. उपदेशाबद्दल त्यांनी अक्षर काढलं नाही, अडलं ते ताटावर. चर्चेला एवढं पुरतं. आपण कुणाला घरात बोलावतो पण जेवायला बसवत नाही, हे आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी लूक १५ मधली उधळ्या पुत्राची गोष्ट, पण मोठ्या मुलापासून. धाकटा मुलगा सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला थोडक्यात आटोपा. मोठा मुलगा शेतातून येतो, गाणं-बजावणं ऐकतो आणि आत जात नाही. बाप जसा धाकट्याकडे धावला तसाच याच्यासाठीही बाहेर येतो. हा आत गेला की नाही, ते येशूने सांगितलं नाही. वेळ उरला तर मत्तय २० मधला द्राक्षमळा जोडा. सकाळी लागलेल्याला आणि दिवस मावळताना लागलेल्याला एकच रोज मिळाला, यावर खुरपणीला जाणाऱ्या बायका तुमच्याआधी बोलतील.

याच सुमारास तो प्रश्न येतो. ‘मग ताई, सगळेच तरणार का?’

त्याला घाबरू नका आणि झटकूनही टाकू नका. दोन्ही बाजूंची वचनं समोर ठेवा. १ तीमथ्य २:४ मध्ये सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. १ योहान २:२ मध्ये ख्रिस्त केवळ आपल्याच पापांसाठी नाही, सर्व जगाच्या पापांसाठी प्रायश्चित्त आहे. आणि त्याच बायबलमध्ये मत्तय ७ मधला अरुंद दरवाजा आहे, मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी वेगळी केलेली मेंढरं आणि शेरडं आहेत, ‘माझ्याद्वारे आल्याशिवाय कुणी पित्याकडे येत नाही’ हे योहान १४:६ आहे. एक बाजू लपवून दुसरी सांगणं बरं नव्हे. मंडळीही यावर एकमताची नव्हती, हेही सांगायला हरकत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडिताने आणि चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने शेवटी सगळं देवाकडे परत येईल अशी आशा धरली. ऑगस्टिन या बिशपने ती मान्य केली नाही. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या प्रोटेस्टंट परिषदेने ख्रिस्ताच्या मरणाची किंमत सर्व जगाच्या पापांना पुरेशी आहे, पण ते मरण परिणामकारक होतं ते देवाने तारणासाठी निवडलेल्यांच्या बाबतीत, असं ठरवलं. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली ही कृपा सर्वांसाठी मोकळी आहे म्हणून ठामपणे सांगत राहिला. १९६४ मध्ये रोमन कॅथोलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहिलं, की आपला काही दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर देणं सर्वांसाठी आहे यात मला तिळमात्र शंका नाही. ते कुणी कसं घेतलं, हे मोजायचं काम देवाने माझ्याकडे दिलेलं नाही.

पण हे सगळं सांगण्याआधी एक करा. विचारणारीच्या तोंडाकडे बघा. हा प्रश्न क्वचितच सगळ्या जगाबद्दल असतो, तो एका माणसाबद्दल असतो. हिंदू असलेली आणि तशीच वारलेली आई. दारू पिऊन गेलेला नवरा. बाप्तिस्म्याआधी गेलेलं लेकरू. अशा बाईला ओरिजेन सांगून काय उपयोग? सभा संपल्यावर तिच्याजवळ बसा आणि विचारा, ‘कोण आठवलं तुला?’ ती सांगेल. पुष्कळ वेळ सांगेल. आई पहाटे उठून दळण कसं दळायची, उपाशी माणसाला दारातून कधी परत कसं पाठवलं नाही, सगळं. ऐकताना मध्ये बोलू नका.

मग सांगायचं काय? ती नरकात आहे असं कधीही म्हणू नका, तो निकाल तुमच्या हातात नाही. ती स्वर्गात आहेच अशी लेखी हमीही देऊ नका, तीही तुमच्या हातात नाही, आणि तुम्ही समजूत काढताय हे तिला ओळखू येतं. उत्पत्ती १८:२५ वाचा. सदोमेसाठी रदबदली करताना अब्राहाम म्हणतो, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? त्यानंतर लूक २३ मधला वधस्तंभावरचा चोर वाचा. ना बाप्तिस्मा, ना उपासना, शेवटच्या घटकेला एक वाक्य, आणि येशू म्हणतो, आज तू माझ्याबरोबर असशील. मग दोघी मिळून त्या आईबद्दल देवाचे आभार माना, तिचं नाव घेऊन. घाई करू नका, चहा गार झाला तर होऊ द्या.

चौथा दिवस इफिस २:११-२२ साठी. यहूदी आणि परके यांच्यामधली आडभिंत ख्रिस्ताने पाडली, असं प्रेषित पौल म्हणतो. यरुशलेमेच्या मंदिरात परक्यांना आत जायला मनाई करणारा खरोखरचा कठडा होता. त्यावरचा एक ग्रीक शिलालेख १८७१ मध्ये सापडला, तो आता इस्तंबूलच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. जो परका आत जाईल तो आपल्या मरणाला आपणच जबाबदार, असा त्याचा मजकूर. हे सांगून झाल्यावर आपल्या मंडळीतल्या भिंती बायकांनाच मोजू द्या. कोण कुठल्या बाकावर बसतं, सोयरिक जुळवताना पूर्वीची जात कोण विचारतं, नवीन आलेलं कुटुंब किती दिवस ‘नवीन’च राहतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. आपल्या मराठी मातीतलं हे उदाहरण इथे जरूर सांगा.

शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान बायका सभेला आल्या असतील तर ‘जग म्हणजे या’ असं त्यांच्याकडे बोट दाखवून बोलू नका. त्या पाहुण्या आहेत. त्यांच्या विनंत्या आधी घ्या, आणि पुन्हा आल्या नाहीत तरी त्यांच्या घरचं आजारपण विचारायला जा.

सगळ्यात शेवटी योहान ३:१६. पुष्कळ ठिकाणी या वचनात आपलं नाव घालून म्हणायला लावतात. मी दुसरं नाव घालायला सांगते, योनाच्या दिवशी मनात आलेलं. मोठ्याने नको, मनातल्या मनात. जिला जमणार नाही तिने नुसतं बसून राहावं, तिला नाव विचारू नये.

शब्बाथशाळेतल्या मुलांना हाच धडा द्यायचा असेल तर चार दिवस नकोत, योनाचा चौथा अध्याय एकटा पुरतो. त्या अध्यायात योनाला सावली देणारं झुडूप सुकतं आणि तो हळहळतो, तसं कागदाचं एक झुडूप करा, मुलांना त्याच्या सावलीत बसवा, मग काढून घ्या. झुडुपासाठी वाईट वाटलं का ते विचारा. आणि मग वर्गात ज्याला कुणी खेळायला घेत नाही त्याच्याबद्दल विचारा. ते मूल वर्गात हजर असेल तर तो प्रश्न त्या दिवशी गाळा, पुढच्या रविवारी त्याला खेळात घ्यायचं काम मात्र मोठ्या मुलांवर आधीच सोपवून ठेवा.